रामटेकच्या वाटेवरील सात दिवसांचे निवासी संगीत शिबिर : सहा महिन्यांनंतर, कूलरसह

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या सुराच्या) तारेखालचा, आवाजाला गुंजन म्हणजे जवारी देणारा दोरा तुटला. एरवी मी तंबोरा गवसणीत घालून नागपुरात बर्डीवर कारागिराकडे नेला असता आणि दोनशे रुपये देऊन दोन दिवसांनी परत आणला असता. या वेळी घरातल्या शिवणाच्या डब्यातला सुती दोरा तारेखाली घातला आणि घोडीवर (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर) तो केसाएवढा मागे-पुढे सरकवत जवारी खुलेपर्यंत बसलो. मे महिन्यातल्या शिबिराविषयी लिहायचे राहून गेले होते, ते या दोऱ्यामुळे लिहीत आहे.

शुल्क नऊ हजार रुपये होते. माईक नाही, विजेवर चालणारा तंबोरा नाही, मोबाइल कपाटात, हा शिबिराचा मुख्य दावा होता आणि तो त्यांनी पाळला. पत्रकात मात्र ‘वातानुकूलित सभागृह’ असेही छापले होते. प्रत्यक्षात सभागृहाच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्यांचे दोन मोठे कूलर बसवलेले होते. नागपूरकराला कूलरचे वावडे नसते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, तोंडावर असताना तो बंद करा असे म्हणण्याची हिंमत कोणीच करणार नाही. पण वातानुकूलित या शब्दाचे पैसे घेतल्यावर कूलर दाखवणे मला पटले नाही. मी हजार रुपये परत मागितले. “साहेब, हवा थंड आहे ना?” असे उत्तर मिळाले.

पैशांपेक्षा मोठी अडचण सुराची होती. कूलरच्या मोटरची गुणगुण आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. आमच्या गटाचा षड्ज (सा) काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा होता, त्यामुळे तंबोऱ्याची पंचमाची तार सुमारे १०४ हर्ट्झवर लागत असे. म्हणजे पंचमाला पोहोचत नाही आणि तीव्र मध्यमावरही थांबत नाही, असा एक बेसूर स्वर पहाटे पाच वाजताच्या खर्जाच्या रियाजापासून रात्रीपर्यंत आमच्यासोबत गात होता. लक्ष देऊन ऐकले, तर दोन्हींच्या मध्ये सेकंदाला चार वेळा होणारा डोल, म्हणजे आवाजाचा कमी-जास्तपणा, स्पष्ट कळत असे. शिवाय दुपारच्या कोरड्या हवेत तंबोऱ्याच्या खुंट्या सटकत, त्यांना खडू लावावा लागे. आणि कूलरचा ओलावा पसरला की त्याच खुंट्या जागच्या हलत नसत. पहिले चार दिवस मी वहीत रागांच्या बंदिशींपेक्षा तक्रारीच जास्त लिहिल्या आहेत.

पाचव्या दिवशी माझे मत बदलू लागले. गुरुजींनी कोणाला काही न सांगता तंबोरा उतरवायला घेतला आणि षड्ज पांढरी एकच्या किंचित वर, साधारण १३३ हर्ट्झवर आणून ठेवला. नंतर पंचमाची तार तिच्यातल्या बारीक सूर लावायच्या मण्याने हळूहळू जुळवत ते थांबले, तेव्हा तो डोल आधी मंद झाला आणि मग नाहीसाच झाला. कूलरच आमचा पंचम धरून बसला होता. बावीस जण हसले. त्यानंतर गुरुजींनी प्रत्येकाला तार पुन्हा बिघडवून, कूलरशी मिळेपर्यंत लावायला सांगितले. दोऱ्याची जागा बदलल्यावर आवाज कसा उघडतो, तेही त्याच दुपारी शिकलो.

जेवण साधे आणि चांगले होते. गोळा भात दोनदा झाला. गादी पातळ होती. गटात गळ्याची तयारी फार वेगवेगळी होती, त्यामुळे विस्तारित आलापीचा वेळ नवख्यांवर गेला, ही तक्रार मी आजही मागे घेत नाही.

घरी आल्यावर महिनाभर मी ॲपवरच्या तंबोऱ्यावरच रियाज केला, कारण तो पटकन लागतो. जुलैत एकदा मावशीचा जुना मिरजेचा तंबोरा माळ्यावरून काढला आणि लावायला वीस मिनिटे लागली; आता सहा-सात पुरतात. मात्र रात्री जेवताना फ्रिज सुरू झाला, की त्याचा स्वर कुठे लागतो ते मी मोजू लागतो, याचा घरात त्रास होत आहे.

जानेवारीत पुन्हा शिबिर आहे आणि शुल्क पाचशेने वाढले आहे. मी नाव दिले आहे. तेव्हा कूलर लागणार नाहीत. मेमधले हजार रुपये यातून वळते करावेत, असे संयोजकांना लेखी कळवले आहे.