गेटची सिस्टीम: क्लाउडवरची की केबिनमधली?

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ७ मजले, २८ घरं. कार्डने गेट उघडणाऱ्या आणि बेल वाजली की दारात कोण आलंय ते घरात दाखवणाऱ्या सिस्टीमच्या दोन्ही पद्धती सेक्रेटरी म्हणून वापरून झाल्यात. आधी वॉचमनच्या केबिनमधल्या कंट्रोलरवर (कुणाच्या कार्डने दार उघडायचं ते ठरवणाऱ्या डब्यावर) चालणारी, आता दीड वर्ष क्लाउडवरची, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी.

जुनी वाईट नव्हती. एकदा पैसे भरले की दर वर्षीचं भाडं नाही. बेल दाबली की घरातली भिंतीवरची स्क्रीन लगेच उजळायची. क्लाउडवाल्यात बेल मोबाइलवर येते, आणि बॅटरी वाचवायला फोनने अ‍ॅप झोपवलेलं असेल तर कुरियरवाला निघून गेल्यावर वाजते. बॅटरी सेव्हरमधून ते अ‍ॅप वगळायला घरोघरी जाऊन शिकवावं लागलं.

पण जुन्या सिस्टीममध्ये मला नडलं ते कार्ड बंद करणं. आमची ११ घरं भाड्याने, करार ११ महिन्यांचे. भाडेकरू गेला की इन्स्टॉलरचा माणूस लॅपटॉप घेऊन यायला हवा, कारण पासवर्ड त्याच्याचकडे. तो ‘उद्या नक्की’ म्हणायचा आणि आठवडे जायचे. होळीच्या आदल्या दिवशी मी लिफ्टपाशी उभा होतो. बीप झाला, हिरवा दिवा लागला आणि दिवाळीतच घर सोडून गेलेला मुलगा आत आला. “काका, एक पार्सल राहिलंय,” म्हणाला. मुलगा चांगलाच होता, पण मला घाम फुटला. दुपारी एकट्या असणाऱ्या आज्या डोळ्यांसमोर आल्या. रात्री रजिस्टर काढून बसलो, तर अशी ९ कार्डं चालू निघाली. त्यात ती १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं, त्यांची नक्कल सहज होते.

आता क्लाउडवाल्यात करार संपायची तारीख आधीच घालून ठेवतो. त्या दिवशी प्रवेश आपोआप बंद.

पावसात नेट गेलं तर? आमच्याकडे परवानग्यांची यादी दाराजवळच्या कंट्रोलरमध्येही साठते, त्यामुळे कार्ड चालतं, फक्त मोबाइलवरचा कॉल जात नाही. सगळ्या कंपन्यांचं असंच असेल असं नाही. डेमोला आलेल्या माणसाला राउटरची वायर काढून दार उघडून दाखवायला सांगा. वर्षाचं भाडं थांबवलं तर दार चालेल का, हेही कोटेशनवर लिहून घ्या. मॅग्नेटिक लॉक वीज गेली की सुटतं, म्हणून यूपीएस दोन्ही सिस्टीमना लागतोच.

सगळे मालक स्वतः राहत असतील, माणसं वर्षानुवर्षं तीच असतील, तर केबिनमधली सिस्टीम पुरेल कदाचित. भाडेकरू असतील तर मी क्लाउडच घ्या म्हणेन. माझ्या आईला मोबाइल जमत नाही, म्हणून त्याच सिस्टीमची स्क्रीन घरात भिंतीवर वेगळी लावून घेतली. पैसे जास्त गेले, पण दारात कोण आलंय ते ती आता स्वतः बघते.