पाच फुटी फिशटँक, घरातलं शिवणकाम आणि ओल ओढणारं यंत्र

हॉलमध्ये मोठा फिशटँक आणि शेजारच्याच खोलीत गिऱ्हाइकांच्या रेशमी साड्या, अशी परिस्थिती ज्यांच्या घरात असेल त्यांच्यासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणाऱ्या यंत्राचा माझा अनुभव सविस्तर लिहितेय. मी साताऱ्यात शाहूपुरीत घरातूनच शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको तर बारा महिने असतंच, पण श्रावण जवळ आला की मंगळागौरीच्या शिवलेल्या नऊवारींची ऑर्डर सुरू होते, आणि त्याला लागूनच गौरी-गणपती. म्हणजे कामाचा सगळ्यात मोठा हंगाम नेमका आषाढाच्या झडीत. लोक विश्वासाने पैठणी आणून देतात. त्या घडीला कुबट वास लागला तर माझी शिलाई कितीही चांगली असो, गिऱ्हाईक परत येत नाही.

फिशटँक मुलाचा. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. पाणी साधारण पाचशे लिटर, आत दोन ऑस्कर आणि सिल्व्हर डॉलरचा थवा. मला स्वतःला ते मासे फार आवडतात, रात्री उशिरापर्यंत मशीनवर बसले की त्यांचीच सोबत असते. त्यामुळे टाकी काढून टाका हा सल्ला कृपया कुणी देऊ नका.

टाकीमुळे घरात ओल किती येते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. या मापाच्या टाकीत पाणी एक सेंटिमीटर उतरलं म्हणजे नऊ लिटर गेलं. आमच्याकडे दोन-तीन दिवसांत सेंटिमीटरभर उतरायचं. म्हणजे रोजचं तीन-चार लिटर पाणी वाफ होऊन घरातच फिरत होतं. त्यातून फिल्टरचं पाणी वरून पडत असेल, एअर स्टोनचे (पाण्यात हवा सोडणाऱ्या दगडाचे) बुडबुडे फुटत असतील, हीटर चालू असेल, तर वेग आणखी वाढतो. परिणाम दिसायला लागले ते असे : टाकीमागच्या भिंतीला पोपडे, प्लायच्या कपाटाच्या मागच्या बाजूला पांढरी बुरशी, पापड डब्यात सादळलेले, आणि माझ्या कामाचं म्हणाल तर मशीनच्या बॉबिन केसवर (खालच्या धाग्याच्या डबीवर) तांबेरा. सुई एक वेळ बदलता येते. पण तांबेरा लागलेल्या बॉबिन केसमधून निघालेला धागा पांढऱ्या अस्तरावर पिवळट रेघ सोडतो, आणि ती धुतली तरी जात नाही.

यंत्राकडे वळण्याआधी दोन स्वस्त गोष्टींबद्दल लिहिते, कारण त्या केल्याशिवाय यंत्र घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

पहिली, आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल घड्याळ. काही शेकड्यांत मिळतं. पण त्याचा आकडा आहे तसा खरा धरू नका. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, चिखलासारखं होईल इतपतच पाणी घाला, आणि ते झाकण व घड्याळ हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते, हा मिठाचा गुणच आहे. आमचं घड्याळ ७९ दाखवत होतं, म्हणून आम्ही प्रत्येक आकड्यातून चार वजा करतो. खाली दिलेले आकडे असे वजा करूनच लिहिलेत.

दुसरी, टाकीवर काचेचं झाकण. काचवाल्याकडून पाच मिलिमीटर काचेचे तीन तुकडे कापून घेतले, कडा घासून घेतल्या, उचलायला सिलिकॉनने काचेचीच बारीक पट्टी चिकटवली. मागच्या कडेला पाइप आणि वायरींसाठी दीड इंच जागा सोडली. अ‍ॅक्रिलिक नको, वाफेने ते वाकतं. झाकणाखाली थेंब जमतात आणि पुन्हा टाकीतच पडतात, बघायला छान वाटतं. मासे गुदमरतील ही भीती सासूबाईंना होती, पण मागे फट आहे आणि फिल्टरमुळे पाण्याचा पृष्ठभाग हलता आहे, तेवढं पुरतं. शिवाय ऑस्कर उडी मारतो, झाकण त्याच्यासाठीही हवंच. फिल्टरचा नळीचा तुकडाही मुलाने खाली घेतला, म्हणजे पाणी धबधब्यासारखं न पडता अलगद मिसळतं. एवढ्यावर पाणी उतरणं सेंटिमीटरला आठवडा-नऊ दिवसांवर आलं, म्हणजे रोज लिटरभर. टाकी भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढली (रिकामी करून, भरलेली टाकी कधीही हलवू नये), तेव्हा मागे हवा खेळायला लागली आणि पोपडे थांबले.

तरीही आषाढात हॉलमधल्या आर्द्रतेचा आकडा ८० च्या खाली येईना. कारण तेव्हा बाहेरचीच हवा ओली. पश्चिमेकडून ढग उतरले, यवतेश्वरचा डोंगर दिसेनासा झाला, की खिडकी उघडून काही उपयोग नाही. मुलाने मला हिशेब मांडून दाखवला : बाहेर २३ अंश आणि ९५ टक्के असताना एका घनमीटर हवेत १९-२० ग्रॅम पाणी असतं. घरात २६ अंशाला ६० टक्के ठेवायचे असतील तर १४-१५ ग्रॅमच चालतं. म्हणजे एक्झॉस्ट फॅन लावला की तो घरातली हवा फेकतो आणि त्याच्या जागी फटीफटींतून जास्त ओली हवा आत येते. हाच फॅन जानेवारीत दुपारी लावा, तासाभरात घर कोरडं. साताऱ्यात हिवाळा-उन्हाळ्यात फुकटचं ऊन-वारं पुरतं, यंत्र लागतं ते जून ते सप्टेंबर. हे चार महिने माझ्या धंद्याचे असल्यामुळे मी खर्च करायचं ठरवलं.

बाजारात तीन प्रकार दिसतात. वाटीएवढ्या ओल शोषणाऱ्या डब्या, ज्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे असतात. बंद कपाटात ठीक आहेत, पण अर्धा लिटर पाणी झालं की संपल्या. दुसरी छोटी, दोन-तीन हजारांची बिनकंप्रेसरची यंत्रं. दिवसाला पाव-अर्धा लिटर काढतात, फिशटँकच्या घरात ती शोभेची. तिसरं कंप्रेसरचं डीह्युमिडिफायर, जे फ्रिजसारखंच चालतं : थंड कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि खालच्या बादलीत पडतं. आम्ही हे तिसरं घेतलं, वीस लिटरचं, सतरा हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण याच मापाची यंत्रं वेगवेगळ्या नावांनी विकली जातात आणि जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

खोक्यावरचे 'वीस लिटर' म्हणजे काय ते आधी समजून घ्या. तो आकडा सहसा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो. आपल्याकडे पावसाळ्यात घरात २४-२५ अंश असतात, आणि आकडा ६० कडे उतरला की काढण्यासारखं पाणीही कमी राहतं. आमचं यंत्र दार-खिडक्या बंद ठेवून दिवसाला सात-आठ लिटर काढतं. खोटं लिहिलंय असं नाही, पण म्हणूनच दहा लिटरचं घेऊ नका, ते अपुरं पडेल.

काम मात्र मनापासून करतं. सकाळी ८२ वर असलेला हॉल दुपारपर्यंत ६० ला येतो, आणि शिवणकामाच्या खोलीचं दार उघडं ठेवलं तर तिथेही ६२-६३. मी ६० वर लावून ठेवते, त्याच्या खाली नेण्यात वीज वाया जाते. सगळ्यात आधी फरक जाणवला तो इस्त्रीला. ओलसर हवेत कॅनव्हास आणि कॉटनच्या अस्तराला दिलेली घडी संध्याकाळपर्यंत सैल पडायची, आता कडक राहते. नऊवारीच्या निऱ्या शिवताना याची किंमत कळते. बॉबिन केसवर यंदा तांबेरा नाही. पैठणीच्या घड्या मलमलीत गुंडाळून कपाटात ठेवते, सोबत सिलिका जेलच्या पांढऱ्या पुड्या. निळ्या रंगाच्या घेऊ नका, त्या रंगात कोबाल्ट असतं. आणि एक जास्तीचा फायदा : यंत्राच्या खोलीत दोरी बांधली तर धुतलेले कपडे भर पावसातही दिवसभरात वाळतात.

आता खटकलेल्या गोष्टी. वीज गेली आणि परत आली की यंत्र आपोआप सुरू होत नाही, बटण दाबावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. लक्ष गेलं नाही तर काही तासांत आकडा पुन्हा ७५. घेताना हा एक प्रश्न दुकानात जरूर विचारा. बादली जेमतेम चार लिटरची आणि तिला धड कडी नाही, भरलेली उचलताना पाणी सांडतंच. मागे पाइप लावायची सोय आहे, ती वापरून आम्ही पाणी मोरीत सोडलं तेव्हा जीव सुटला. पाइपला सलग उतार हवा, मध्ये उंचवटा आला की पाणी तुंबतं. यंत्रावरचा आर्द्रतेचा आकडा आमच्या घड्याळापेक्षा पाच-सहाने कमी दाखवतो. आवाज फ्रिजपेक्षा मोठा आहे. दिवसभर मशीन चालवणाऱ्या मला तो जाणवत नाही, पण सासूबाईंची खोली लागून आहे, म्हणून रात्री दहानंतर बंद करतो.

खोली दोन-तीन अंशांनी तापते, हेही माहीत असू द्या. पावसाळ्यात ते बरंच वाटतं आणि टाकीचा हीटर जवळपास लागत नाही. मे महिन्यात हे यंत्र लावू नका. तेव्हा हवा कोरडीच असते, उलट टाकीवरच्या काचेचा एक तुकडा काढून जाळी ठेवा, म्हणजे वाफ होऊन पाणी थोडं थंड राहील.

विजेचं म्हणाल तर तासाला पाव ते एक तृतीयांश युनिट धरा. आम्ही दहा-बारा तास चालवतो, म्हणजे रोजचे तीन-चार युनिट, महिन्याचे शंभर. महावितरणचे स्लॅब बघता हे शंभर युनिट वरच्या दरानेच पडतात. मी ते धंद्याच्या खर्चात धरते. एक खराब झालेली पैठणी भरून द्यावी लागली तर त्यात कित्येक महिन्यांची बिलं निघतील. ज्यांच्याकडे फक्त टाकी आहे आणि जपण्यासारखं कापड, पुस्तकं किंवा पेटी-तबला नाही, त्यांनी काचेच्या झाकणावरच भागवावं असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्राचा जाळीदार फिल्टर दर पंधरवड्याला धुवावा लागतो, माझ्याकडे तर कापडाचा बारीक तंतू उडत असल्याने आठवड्याला. नवीन यंत्र घरी आलं की एक दिवस उभं ठेवून मगच चालू करा, वाहतुकीत आडवं पडलं असेल तर कंप्रेसरचं तेल जागेवर यायला वेळ लागतो.

बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून ते टाकीत ओतायचा मोह होईल. ओतू नका. ते धातूच्या कॉइलवरून आणि धुळीतून आलेलं असतं, तांब्याचा अंश माशांना बाधतो. टाकीत भर घालायला आम्ही साठवून मुरवलेलं नळाचं पाणीच वापरतो, आणि नुसती भर न घालता दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढतो, नाहीतर वाफ होताना मागे राहिलेले क्षार साठत जातात. वाफेच्या इस्त्रीतही मी बादलीतलं पाणी घालत नाही, गिऱ्हाइकाच्या रेशमावर डाग नको. फरशी पुसायला आणि अंगणातली शिडी-पायरी धुवायला मात्र उत्तम.