सहा रविवार, एक पोरका राजा: अमळनेरच्या इतिहासवर्गाबद्दल

वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पारोळा तालुक्यातल्या आमच्या साडेतीन एकरांच्या सातबाऱ्यावर माझं आणि धाकट्या भावाचं नाव लागलं, त्यापुढे तीन अक्षरं आली: अ.पा.क. अज्ञान पालनकर्ता म्हणजे काका. कापूस कुठल्या व्यापाऱ्याला द्यायचा, विहिरीसाठी कर्ज किती काढायचं, सगळ्यावर सही काकांची. पुढे मी तहसील कार्यालयातच ३१ वर्षं काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. म्हणून वाचनालयाच्या फळ्यावर 'नऊ वर्षांचा राजा: इंग्लंडचा सहावा एडवर्ड' असं खडूनं लिहिलेलं दिसलं, तेव्हा तिथल्या तिथे सहाशे रुपये भरले.

वर्ग मे महिन्यात, सहा रविवार, सकाळी साडेसात ते साडेनऊ. अमळनेरचं ऊन माहीत असणाऱ्यांना ही वेळ का ते सांगायला नको. वाचनालयाच्या माडीवर पंचवीस-तीस खुर्च्या, दोन पंखे, मध्ये चहा. शिकवणारे सर महाविद्यालयातून निवृत्त झालेले. ते पाठ करून आलेलं बोलत नाहीत, कागद हातात देतात आणि विचारतात, "हे कुणी लिहिलं? सही कुणाची?" माझ्यासारख्या कारकुनाला आणखी काय हवं?

पहिला रविवार पोराच्या घडणीचा. एडवर्डचा जन्म १२ ऑक्टोबर १५३७ चा. बाराव्या दिवशी आई, जेन सीमोर, गेली. सहा वर्षांचा होईपर्यंत आपण बायकांमध्ये वाढलो, असं त्यानंच पुढे आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय, तेही सुरुवातीला स्वतःला 'तो' म्हणत. मग रिचर्ड कॉक्स आणि केंब्रिजचे ग्रीकचे पंडित जॉन चीक हे गुरू आले. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच. अक्षर वळणदार व्हावं म्हणून रॉजर ॲस्कम. माझ्या शेजारी बसणाऱ्या मावशी ऐकता ऐकता म्हणाल्या, "माय वं, कितला धाकला व्हता तो पोऱ्या!" सरांनी इथे मालेगावजवळच्या कवळाण्याचं उदाहरण दिलं: तिथला बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला, सयाजीराव झाला, तो शिकत होता तोवर कारभार दिवाण टी. माधवराव पाहत होते, आणि १८८१ च्या अखेरीस सगळे अधिकार त्याच्या हाती आले. खोलीतल्या प्रत्येकाला लगेच चित्र दिसलं. एडवर्डला मात्र ते १८८१ साल कधी मिळालंच नाही.

दुसरा आणि तिसरा रविवार या वर्गाचा जीव. आठव्या हेन्रीनं मृत्युपत्रात १६ जण नेमले होते, मुलगा वयात येईपर्यंत त्यांनी मिळून कारभार करायचा. खुद्द ते मृत्युपत्रसुद्धा राजाच्या हातच्या सहीचं नव्हतं. सहीचा कोरडा ठसा कागदावर उमटवायचा आणि त्यात शाई भरायची, अशी सोय शेवटच्या काळात केलेली होती. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. शिक्का कुणाच्या कपाटात आहे यावर काय काय ठरतं, ते मी पाहिलेलं आहे. हेन्री २८ जानेवारी १५४७ ला वारला. तीन दिवस बातमी दाबून ठेवली. ३१ तारखेला मुलाचा मामा एडवर्ड सीमोर 'संरक्षक' झालासुद्धा. सोळा जणांचा कारभार एकट्याच्या हाती आला, आणि लवकरच तो सॉमरसेटचा ड्यूकही झाला. सर त्याला 'राजाचा अ.पा.क.' म्हणाले, तेव्हा मी मान खाली घालून वहीत लिहीत राहिले.

दुसरा मामा थॉमस. थोरला भाऊ भाच्याला खर्चाला पैसे देत नाही हे हेरून हा गुपचूप पोहोचवायचा. मग एका कागदावर सही मागितली, आपल्या बाजूनं सरदारांच्या सभागृहाला लिहिलेल्या पत्रावर. मुलानं चीकना विचारलं, ते म्हणाले, न केलेली बरी. आणि त्यानं केली नाही. सबंध सहा रविवारांत मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट ती हीच. गुरूनं शिकवलेलं ग्रीक एकीकडे आणि ही एक न केलेली सही एकीकडे. थॉमसचं डोकं मार्च १५४९ मध्ये उडालं. थोरल्याचं जानेवारी १५५२ मध्ये. त्या दिवशी भाच्याच्या रोजनिशीत सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान शिरच्छेद झाला एवढीच नोंद. सरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि काही भाष्य केलं नाही.

चौथ्या रविवारी १५४९ चे उठाव. नॉरफकमध्ये सामायिक चराईची जमीन कुंपणं घालून बळकावली गेली आणि रॉबर्ट केटच्या मागे हजारो माणसं जमली, २९ मागण्या लिहून. गायरानावरच्या अतिक्रमणाच्या फायली मी आयुष्यभर हाताळल्या, त्यामुळे हा भाग दोन तास चालला असता तरी मला हवा होता. पण इथेच वर्ग उणा पडला. नव्या प्रार्थनापुस्तकावरून डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये झालेला उठाव, नाण्यांतली घटवलेली चांदी, सॉमरसेटची गच्छंती, सगळं एकाच सकाळी कोंबलं. १५५१ मध्ये बारा पेन्सांचा शिलिंग आधी नऊ, मग सहा पेन्सांवर आणला, हे तर जाता जाता सांगितलं. बाजाराच्या पिशवीत त्याचा अर्थ काय झाला, हे मला विचारायचं होतं. वेळ संपली होती.

आणखी एक तक्रार: झेरॉक्स फिकट. साठी ओलांडलेल्यांना भिंग लागतं. आणि एलिझाबेथ व मेरी या बहिणी पुरेशा आल्या नाहीत. बाप गेल्याची बातमी एडवर्ड आणि एलिझाबेथला एनफिल्डमध्ये एकत्रच सांगितली गेली. त्या दोघांबद्दल मला अजून ऐकायचं होतं.

पाचव्या रविवारी सॉमरसेटनंतर सूत्रं हाती घेणारा जॉन डडली, म्हणजे पुढचा नॉर्थम्बरलंडचा ड्यूक. यानं संरक्षक हे पदच घेतलं नाही. राजाच्या सल्लागार मंडळाचा अध्यक्ष राहिला, राजाभोवती आपली माणसं ठेवली, आणि मुलाला कारभार शिकवू लागला. चौदाव्या वर्षी एडवर्ड बैठकींना बसत होता, कामांच्या याद्या स्वतः लिहीत होता. त्यात त्याचं किती आणि डडलीचं किती, यावर वर्गात खूप बोलणं झालं. माझं मत असं की अक्षर त्याचं होतं, आणि ज्याला स्वतः टिपणी लिहिता येते तो फार काळ दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करत नाही.

शेवटच्या रविवारी वारसाचा कागद वाटला, आपल्यामागे गादी कुणाला हे एडवर्डनं लिहिलेला. १५५३, मुलगा आजारानं खंगलेला, हाताशी वेळ नाही. मूळ मजकूर 'लेडी जेनचे मुलगे', ही जेन ग्रे, राजाच्या नात्यातली आणि डडलीची सून. तो खोडून केलेलं 'लेडी जेन आणि तिचे मुलगे'. वरच्या जागेत घुसवलेले ते दोन शब्द, त्याच्याच हातचे. आमच्याकडे फेरफारात अशी खाडाखोड झाली की बाजूला सही लागायची, नाहीतर नोंद नामंजूर. ६ जुलैला ग्रीनविचमध्ये तो गेला, वय पंधरा. जेनचं राज्य नऊ दिवस चालून मेरी आली. ती झेरॉक्स तेवढी स्पष्ट होती. मी घरी आणून आमच्या जुन्या सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी ठेवली आहे.

पैसे वसूल झाले, निःसंशय. पुढचा वर्ग दिवाळीनंतर आहे. ज्यांना यायचं त्यांनी खिडकीवर सकाळी नऊच्या आत नाव द्यावं, खुर्च्या लवकर भरतात. आणि भिंग सोबत आणावं.