मेंदूविज्ञान शिकायचं: रत्नागिरीतून बीएस्सी की थेट पुण्याचं आयसर?

माझ्या भाचीला बारावीनंतर मेंदूविज्ञानच शिकायचंय. म्हणून दोन्ही वाटा ताडून पाहिल्या.

आयसर म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था. तिथला बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) पाच वर्षांचा, प्रवेश आयसरच्याच आयएटी या प्रवेश परीक्षेतून. सुरुवातीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र सक्तीचं. शेवटचं वर्ष संशोधनाचं. गणित बघून पोरं बिचकतात, पण मला तेच मोलाचं वाटतं. हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी चेतातंतूतला विद्युतसंदेश कसा धावतो ते १९५२ मध्ये समीकरणांतच मांडलं, आणि प्रयोग केले म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) जाड चेतातंतूवर. आपल्या मिरकरवाडा बंदरात टोपलीत येतं ना, त्याच जातकुळीतल्या प्राण्यावर! दोघांना १९६३ चं नोबेल मिळालं.

रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजातून बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं तर घरचं जेवण, खर्च कमी, शरीररचनेचा पायाही पक्का. मेंदूविज्ञान मात्र पदवीनंतर. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बीएस्सीनंतर एकात्मिक पीएचडीला (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) जाता येतं. प्रवेश परीक्षा कठीण, तयारी पहिल्या वर्षापासूनच हवी.

आयएटी निघाली तर मी तिला पुण्यालाच पाठवेन. नाही निघाली तर रत्नागिरीत राहून गणित आणि प्रोग्रामिंग स्वतःहून शिकावं, आणि सुट्टीत एखाद्या प्रयोगशाळेत काम मिळवावं.