अमेरिका का जर्मनी? जमीन गहाण टाकायच्या आधी हे बघा

माझा चुलतभाऊ नांदेडला कॉम्प्युटर करून दोन वर्षं झाली हिंजवडीत आहे, आता बाहेर एमएस करायचंय पण अमेरिका का जर्मनी हे ठरेना. काकांनी सातबारा, फेरफार सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय, कर्जाला तारण जमीनच. अशी घरं आपल्या मराठवाड्यात लई आहेत म्हणून लिहितोय.

आधी पगार. अमेरिकेच्या सरकारी आकड्यानुसार 2024 मध्ये निम्म्या सॉफ्टवेअर डेव्हलपरचा पगार वर्षाला 1 लाख 33 हजार डॉलरच्या वर होता, जर्मनीत साधारण 50 ते 70 हजार युरो धरा. कोड दोन्हीकडं तोच, मग एवढा फरक का? अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या स्वतःचं प्रॉडक्ट अख्ख्या जगाला विकतात, एकदा बनवलं की दहा जणांनी वापरलं काय न दहा कोटींनी, खर्च त्या मानानं वाढत नाही, म्हणून एकेका डेव्हलपरमागं कमाई अफाट, आणि चांगला माणूस शेजारच्यानं पळवू नये म्हणून पगार देऊन वर शेअर पण देतात. कॅलिफोर्नियात तर स्पर्धक कंपनीत जाऊ नको असं करारात बांधून घेताच येत नाही. आपल्या सर्व्हिस कंपन्या माणसाचे तास विकतात, तेही स्वस्तात, म्हणून भावाच्या हातात महिन्याला 24 हजार.

पण हा पगार मिळेपर्यंतचा रस्ता बघा. अमेरिकेत फी न राहणं मिळून 40-50 लाख सहज, मग एच-वन-बी, म्हणजे तिथं नोकरी करायचा व्हिसा, वर्षाला 85 हजार जागा न लॉटरी. नोकरी गेली तर 60 दिवसांत दुसरी शोधा नाहीतर परत या, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फीच नाही. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवायच्या बँक खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, पण ते आपलेच, महिन्याला 992 असे खर्चायला मिळतात. टॅक्स न विमा मिळून पगारातून बरंच कापतात हे खरं, पण दवाखाना त्यातच आला. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्यांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, 27 महिन्यांत कायमचं राहता येतं, जर्मन भाषा बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झाली तर 21 च.

फुल स्कॉलरशिप मिळाली तर अमेरिकेला डोळे झाकून जा. जमीन गहाण ठेवून जाणार असाल तर माझं स्पष्ट मत जर्मनी, फक्त भाषा आत्तापासून, इंग्रजीवर निभेल म्हणून बसू नका. भावाला हेच सांगितलं, त्यानं शनिवार-रविवारचा जर्मनच्या ए-वनचा, म्हणजे पहिल्या पातळीचा क्लास लावलाय.