गूगल फॉर्मला फाटे फोडले: सोसायटीतले आठ महिने

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, दोन विंग, ८४ फ्लॅट. गेल्या जूनमध्ये सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि पहिलंच काम आलं सदनिकांची माहिती गोळा करायचं. आधी ३१ प्रश्नांचा झेरॉक्स फॉर्म दारोदार जायचा आणि परत यायचा तो निम्म्या रकान्यांत 'लागू नाही' घेऊन. म्हणून गूगल फॉर्म्स घेतलं, उत्तर बघून पुढचे प्रश्न बदलतील असं. तीन फॉर्म झाल्यावर हे लिहितोय.

करायला सोपं आहे. फॉर्मचे सेक्शन पाडायचे, प्रश्नाच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'गो टू सेक्शन बेस्ड ऑन आन्सर' निवडायचं आणि प्रत्येक पर्यायापुढे कुठे जायचं ते सांगायचं. 'भाड्याने दिलाय' म्हटलं तरच लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, पोलिस व्हेरिफिकेशन वगैरे विचारलं जातं.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. सेक्शनच्या तळाशी 'कंटिन्यू टू नेक्स्ट सेक्शन' आपोआप असतं, आणि मालकांचा सेक्शन संपल्यावर भाडेकरूंचा ओलांडून पुढे न्यायचं मी विसरलो. रात्री साडेनऊला बी विंगच्या काकूंचा फोन : "अरे, मला भाडेकरूचं नाव विचारतंय. घर आमचं आहे ना?" उत्तरं जमा होतात ती शीट उघडली तर एकाने त्या रकान्यात 'आम्हीच' लिहिलेलं, दुसऱ्याने सासूबाईंचं नाव. तेव्हापासून लिंक पाठवण्याआधी प्रिव्ह्यूचं डोळ्याचं चिन्ह दाबून प्रत्येक वाट शेवटपर्यंत चालून बघतो. काकूंनाही चालायला लावतो.

खरी गोची पहिल्या प्रश्नात होती. मालक राहतो की भाडेकरू, एवढंच मी धरलं होतं. इथे वडील गावाला, फ्लॅट त्यांच्या नावावर आणि राहतो मुलगा, अशी सहा घरं निघाली. एक फ्लॅट चार वर्षं कुलूपबंद. या लोकांनी कुठला पर्याय दाबायचा? मुलगा राहत असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, लागत नाही. तिऱ्हाईत भाडेकरू असेल तर सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंत लागतो, म्हणजे चुकीचा फाटा थेट बिलात उतरतो. आता आधी कागदावर चौकोन आणि बाण काढतो, मगच कॉम्प्युटरला हात लावतो.

पार्किंगच्या फॉर्मने मात्र घाम काढला. दुचाकी, चारचाकी असे चेकबॉक्स दिले आणि फाटे पाडायची सोयच दिसेना. ती फक्त मल्टिपल चॉइस आणि ड्रॉपडाउनला आहे. मग 'दोन्ही' असा वेगळा पर्याय केला. पण दुचाकीचा सेक्शन संपल्यावर निम्म्यांना चारचाकीकडे आणि निम्म्यांना शेवटाकडे कसं पाठवायचं? सेक्शनच्या तळाशी वाट एकच. शेवटी 'दोन्ही'वाल्यांसाठी तेच प्रश्न पुन्हा टाकले. परिणाम, शीटमध्ये गाडीचा नंबर चार वेगवेगळ्या रकान्यांत. ते एकत्र करायला माझा एक रविवार गेला. मराठी-गुजराती दोन वाटा करायचाही उत्साह होता, पण प्रत्येक रकाना दुप्पट होणार हे लक्षात आल्यावर एकाच प्रश्नात दोन्ही भाषा लिहून मोकळा झालो.

गळतीचा फॉर्म मात्र पावसाळ्यात सोन्यासारखा चालला. पहिला प्रश्न, पाणी कुठून येतंय? 'गच्चीतून' म्हटलं की फोटो कुणाला पाठवायचा आणि प्लंबर कधी येईल ते दिसायचं, कारण गच्चीचं काम सोसायटीचं. 'वरच्यांच्या बाथरूममधून' म्हटलं की दुसरं पान : हा खर्च सदस्यांचा आपसातला, आधी वरच्यांशी बोललात का? तिथे 'नाही' दाबून चारजण निमूट फॉर्म बंद करून वरच्या मजल्यावर गेले असावेत, कारण तक्रार आलीच नाही. फोटो फॉर्ममध्येच घेतले नाहीत, त्यासाठी भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. ते व्हॉट्सअॅपवर मागवले.

फुकटात आणि शीटसकट मिळतंय, तर साध्या एक-दोन फाट्यांसाठी बिनधास्त घ्या. दोन अटी एकत्र लावायच्या किंवा त्याच पानावर प्रश्न दाखवायचा-लपवायचा असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. ते टॅलीमध्ये होतं, तेही फुकट. खजिनदारांना सांगितलं तर म्हणाले, "ते तर माझ्याकडे आहेच, दर वर्षी पैसे भरतो." हिशेबाचं नाही काका, फॉर्मचं वेगळं टॅली. एप्रिलचं पार्किंग त्यावर करणार आहे, आणि काकूंना आधी लिंक जाईल.