खोक्यावरची तारीख बघूनच घेतलं होतं, तरी फसले

मे महिन्यात दिवेआगरला जायचं होतं म्हणून सनस्क्रीन घ्यायला निघाले, तर स्टेशनबाहेरच्या सेलमध्ये ४९९ वाली ट्यूब २०० ला दोन. मी खोका फिरवून एक्सपायरी बघितली हां, चांगलं दीड वर्ष बाकी होतं, मग काय चार उचलल्या, एक आईला एक वन्संना. बिल मागितलं तर म्हणे "ताई या रेटमध्ये बिल कुठलं". तिथेच शंका यायला हवी होती, पण स्वस्त दिसलं की आपलं डोकं सुट्टीवर जातं.

दिवेआगरला ट्यूब पिळली तर आधी नुसतं पिवळट पाणी, मग रवाळ लगदा. नवरा म्हणाला उन्हाने झालं असेल, हलवून लाव. लावलं, आणि एसपीएफ ५० आहे म्हणून निवांत तीन तास पाण्यात. संध्याकाळी नाक आणि गाल भाजलेल्या वांग्यासारखे! जुन्या सनस्क्रीनचं ऊन अडवणं कमी होत जातं आणि क्रीम असं फुटलं की कातडीवर सारखा थर बसत नाही, पण आपण मात्र लावलंय या भरवशावर उन्हातच.

घरी येऊन ट्यूब नीट बघितली. बऱ्याच ट्यूबांची जी चपटी शेपटी असते ना, तिच्यावर बॅच नंबर आणि तारीख दाबून उठवलेली असते. तिथे एक्सपायरी मागच्याच वर्षीची! खोक्यावरची शाई थिनरने पुसून नवीन तारीख मारता येते, शेपटीवरचा ठसा पुसत नाही. बॅच नंबर पण वेगळा निघाला. म्हणून दुकानातच खोका उघडून दोन्ही जुळवून बघा, उघडू देत नसेल तर ठेवा तिथेच. आणि भाव कमी केल्याचा स्टिकर लावता येतो पण त्याने मूळ एमआरपी झाकायची नसते, तेव्हा तारखेवर स्टिकर दिसला तर सरळ पुढे चला.

परत गेले भांडायला. "क्रीम आहे ताई, दूध नाही नासायला," हे उत्तर. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करायला घेतला तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे ना बिल ना त्याच्या दुकानाचं नाव, तक्रार करू कोणाची?

वन्संनी त्यांची वापरून संपवली होती, त्यावर मी गप्प आहे. बाकीच्या तीन कात्रीने कापून टाकल्या, अख्ख्या टाकल्या तर परत कुठल्यातरी नव्या खोक्यात जायच्या.